मॅटवरची कबड्डी टिपायला निघण्याआधी

पिशवी भरण्याआधी हॉल बघून या. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मॅट जोडण्याचं काम चालू असतं, तेव्हा गेलात तर कुणी अडवत नाही. हॉलचे सगळे दिवे लावून घ्या, कारण दुपारी खिडक्यांतून येणारा उजेड फसवतो आणि उपांत्य सामने नेमके रात्री असतात. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर (सेन्सरवर उजेड पडण्याचा वेळ) सेकंदाचा १/८०० भाग, ॲपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) एफ २.८. मध्यरेषेवर कुणाला तरी उभं करा आणि चेहरा नीट उजळायला आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, किती लागतो ते बघा. ३२०० वर भागलं तर साधारण पाचशे लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड आहे, म्हणजे चैन आहे. ६४०० लागला तर अडीचशे. तालुक्याच्या हॉलात मला बहुतेक वेळा हा दुसरा आकडाच भेटलाय. मग हीच चाचणी मॅटच्या चारही कोपऱ्यांत करा. दिवे मध्यावर रोखलेले असतात, त्यामुळे कोपऱ्यांत उजेड कमी पडतो, आणि बऱ्याचशा पकडी कोपरारक्षकच करतात.

आकडा वहीत लिहून ठेवा, कारण कॅमेरा घ्यायला किंवा भाड्याने आणायला जाल तेव्हा समोरचा सांगेल की या बॉडीचा, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचा, ऑटोफोकस उणे साडेसहा ईव्हीपर्यंत (ईव्ही हे उजेडाचं माप, आकडा जितका खाली तितका काळोख) चालतो. खोटं नाही ते. कॅननच्या आर६ची जाहिरात त्याच आकड्यावर झाली. पण त्याच्या तळटीपेत एफ १.२ची लेन्स, मधला बिंदू आणि स्थिर वस्तूसाठीचा वन-शॉट मोड अशा अटी आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपला अडीचशे लक्सचा हॉल अधिक साडेसहा ईव्हीच्या आसपास भरतो. दोन्हींत तेरा स्टॉपचं अंतर आहे, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. उणे साडेसहा म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याहूनही काळोख, आणि तिथे कुणी कबड्डी खेळत नाही. आपल्या डोळ्यांना कोंदट वाटणारा हॉल ऑटोफोकसला काळोखा नसतोच. फोटो सॉफ्ट येतो त्याची कारणं वेगळी आहेत. चढाईपटू झटक्यात मागे फिरतो आणि लेन्सची मोटर मागे पडते. किंवा मध्ये घुसलेल्या बचावपटूवर फोकस उडी मारतो. किंवा फोकस बरोबर असतो, पण शटर हळू असल्यामुळे हात-पाय पुसले जातात. उणे आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजाल, तर या तिन्हींतलं एकही दुखणं बरं होणार नाही.

म्हणून पैसे आधी लेन्सवर. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स घरी ठेवा. ती ५५वर एफ ५.६ला येते, म्हणजे एफ २.८च्या चौथाई उजेड. तेच १/८०० शटर धरायचं तर आयएसओ २५६०० होतो.

कोणती लेन्स न्यायची ते बसायच्या जागेवरून ठरतं, आणि त्यासाठी मैदानाची मापं डोक्यात हवीत. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाईपटूने ओलांडायलाच हवी ती) ३.७५ मीटरवर, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा (जादा गुण देणारी). अंतिम रेषेच्या मागे अडीच मीटरवर मांडी घालून बसलात, तर निदान रेषेवरचा चढाईपटू तुमच्यापासून सव्वापाच मीटरवर आणि बोनस घेताना सव्वाचार मीटरवर असतो. त्याचं तोंड तुमच्याकडे, बचावपटूंच्या पाठी तुमच्याकडे. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा उभा धरून ८५ मिलिमीटर लावली तर सव्वापाच मीटरवर साधारण २.२ मीटर उंची फ्रेममध्ये मावते, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण माणूस. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरची बॉडी असेल तर तेच काम ५० करते. या दोन्ही लेन्स एफ १.८मध्ये मिळतात आणि एफ २.८च्या जवळपास अडीचपट उजेड आत घेतात. हाताशी पैसे कमी असतील त्याने इथेच थांबावं, अजिबात कमीपणा नाही.

बाजूला, पंच आणि गुणलेखकांच्या टेबलापलीकडे बसवलं, तर मात्र ७०-२०० मिलिमीटरच्या एफ २.८ झूम लेन्सला पर्याय नाही. तिचा दुसरा फायदा मोटरचा. या वर्गातल्या लेन्स खेळ आणि बातमीदारीसाठीच बनतात, त्यामुळे फोकस झपाट्याने जागा बदलतो. उलट, ॲपर्चर जितकं मोठं तितका फोकस चपळ असं समजू नका. कॅननची जुनी ईएफ ८५ एफ १.२ पोर्ट्रेटला देखणी, पण तिला आतली जड काच हलवायला वेळ लागतो. तिच्यापुढे साधी ८५ एफ १.८ कितीतरी चपळ. दुकानात भिंतीवरच्या कॅलेंडरवर फोकस करून बघण्यात अर्थ नाही. सोबतच्या मित्राला सहा मीटरवरून अंगावर धावत यायला सांगा, सलग पंधरा फोटो घ्या आणि पडद्यावर मोठे करून किती तीक्ष्ण आलेत ते मोजा. मित्र कंटाळेल. पण तुमची लेन्स कळेल.

७०-२००वर २०० मिलिमीटर, एफ २.८, दहा मीटर अंतर धरलं तर तीक्ष्ण पट्टा जेमतेम चाळीस सेंटिमीटरचा असतो. चढाईपटूचा चेहरा टिपलात तर पुढे फेकलेला पाय त्या पट्ट्याबाहेर. तो दोष कॅमेऱ्याचा नाही, काचेचा स्वभावच तो. लेन्सचा पल्ला दुप्पट करणारा टेलिकन्व्हर्टर न्यायचा मोह होईल. तो दोन स्टॉप खातो, तेव्हा नको. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावलेला राहिला असेल तर काढा. यूव्ही फिल्टरही काढा, समोरच्या दिव्यांची भुतं त्यातच उमटतात.

लेन्सवरच्या फोकस लिमिटरच्या बटणाने माझी एक अख्खी सकाळ खाल्ली आहे. हे बटण लेन्सला जवळच्या अंतरात धुंडाळू देत नाही, त्यामुळे वेग वाढतो. काही लेन्सवर ती मर्यादा अडीच किंवा तीन मीटरची असते, काहींवर पाच मीटरची. मी पाचवर ठेवून अंतिम रेषेमागे बसलो होतो. सव्वाचार मीटरवरची बोनस रेषा त्या लेन्सच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. सगळे बोनस धूसर, मागच्या बाकावरचे प्रेक्षक मात्र लख्ख. तेव्हा अंतर मोजा, मगच बटण सरकवा.

बॉडीबद्दल थोडक्यात. वापरलेली चालेल. निकॉनचा डी५०० २०१६चा, कॅननचा सेव्हन डी मार्क टू २०१४चा. दोघेही सेकंदाला दहा फोटो घेतात आणि दोघांचे फोकस बिंदू आजही या कामाला पुरतात. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा घेतलात तर चेहरा ओळखण्याची सोय मिळते, फक्त एक खोड लक्षात असू द्या. बहुतेक मिररलेस सेन्सर फोकससाठी एकाच दिशेच्या रेषा नीट वाचतात. कॅमेरा आडवा धरला की उभ्या रेषा दिसतात, आडव्या पट्ट्यांच्या जर्सीवर ते अडखळतात. कॅमेरा जरासा तिरका केला की अडलेला फोकस सुटतो. एकरंगी काळी जर्सी तर सगळ्याच कॅमेऱ्यांना जड जाते, तिथे छातीवरचा क्रमांक धरा.

सेटिंग घरीच लावून ठेवा, हॉलात मेनू चाळत बसू नका. फोकस सतत चालणारा, म्हणजे निकॉन-सोनीत एएफ-सी आणि कॅननमध्ये सर्व्हो. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणावर द्या. बोटाला दोन दिवस चुकायची सवय होते, तिसऱ्या दिवशी जमतं. फोकसचं क्षेत्र म्हणून पूर्ण फ्रेम देऊ नका. कबड्डीत चढाईपटूमागे पन्नास प्रेक्षकांचे चेहरे असतात आणि चेहरा शोधणाऱ्या कॅमेऱ्याला त्यातला कुठलाही चालतो. मधलं छोटं झोन पुरे. मग साखळीचा प्रश्न. दोन बचावपटू हात धरून तुमच्या आणि चढाईपटूच्या मधून सरकले की फोकस त्यांच्या पाठीवर जाऊन चिकटतो. त्यावरचा उपाय ट्रॅकिंगच्या संवेदनशीलतेत आहे. कॅमेऱ्याला सांगायचं की मध्ये कुणी आलं तरी घाई करू नकोस. निकॉनमध्ये त्यासाठी आकडा ५कडे न्यायचा, सोनीत १कडे, कॅननमध्ये उणेकडे. निकॉनची दिशा बाकी दोघांच्या उलट, म्हणून उधारीचा कॅमेरा असेल तर हे आवर्जून तपासा.

दिव्यांचं लुकलुकणं डोळ्यांना दिसत नाही, फोटोत दिसतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुने ट्यूबलाइट, मेटल हॅलाइड आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. १/८००वर सलग दहा फोटो घेतले की त्यातले तीन-चार काळपट आणि पिवळे येतात. अँटी-फ्लिकर चालू करा. मग कॅमेरा उजेडाचा उंचवटा गाठून शटर टाकतो, वेग थोडा कमी होतो, तो सोसा. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र आदल्या संध्याकाळीच तपासा. सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्यामुळे एलईडीखाली आडवे पट्टे उमटू शकतात. दिसले तर सरळ मेकॅनिकल शटर वापरा.

बाकी पिशवीत दोन चार्ज केलेल्या बॅटऱ्या, दोन वेगवान कार्डं, मांडी घालून तीन तास बसायला पातळ उशी. फ्लॅश घेऊच नका, नाहीतर पंच पहिल्याच चढाईत बाहेर काढतील. कॅमेऱ्यासमोरचा लाल किंवा हिरवा साहाय्यक दिवाही मेनूतून बंद करा. सतत चालणाऱ्या फोकसमध्ये तो एरवीही कामाचा नाही, खेळाडूच्या डोळ्यांत मात्र बसतो. १/८००वर लेन्समधल्या स्थिरीकरणाचाही उपयोग नाही, कारण हलतोय तो खेळाडू.

सकाळी अर्धा तास आधी पोचा. मुलींच्या सामन्यांना १२ बाय ८ मीटरची मॅट असते, पण अंतिम रेषेमागून बघितलं तर बोनस रेषेचं अंतर जेमतेम पाव मीटरने वाढतं, लेन्स बदलावी लागत नाही. संघ वॉर्म-अपला उतरतील तेव्हा लुटुपुटूच्या चढाया चालतात. तेव्हा शंभरेक फोटो घ्या, कॅमेऱ्याच्या पडद्यावर पूर्ण मोठे करा आणि जर्सीवरच्या आकड्याच्या कडा बघा. कडा दुहेरी दिसली तर शटर वाढवा. कडा मऊ, पण मागचा फलक स्पष्ट असेल तर झोन लहान करा. मग पहिली शिट्टी होईपर्यंत कार्ड रिकामं करून ठेवा.