उन्हाळ्यातली इंटर्नशिप: पाइपच्या लाइनवर सहा आठवडे

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत इंटर्नशिपची धावपळ एप्रिलमध्ये सुरू होते. तोवर उशीर झालेला असतो. मोठ्या कंपनीत मे-जूनमध्ये यायचं असेल तर अर्ज जानेवारीत जायला हवा. एचआरकडून तो विभागाकडे जातो, तिथला अधिकारी "एक घेतो" किंवा "दोन घेतो" म्हणतो, मग होकाराचं पत्र निघतं. या फेऱ्यात सहज दीड-दोन महिने जातात. भुसावळच्या रेल्वे शेडमध्ये, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात किंवा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत जायचं असेल तर आणखी आधी हालचाल करा. सरकारी आणि संरक्षण खात्याच्या ठिकाणी परवानगीचे टप्पे जास्त असतात. बांभोरीला जैन इरिगेशनसारखा मोठा कारखाना आहे, एमआयडीसीत पाइपचे आणि चटईचे कारखाने आहेत. आपल्या भागात प्लास्टिकचं काम शिकायला पुण्याला जायची गरज नाही. पुढचं बरंचसं पाइपच्या कारखान्याबद्दल आहे, पण मोजमापाची सवय सगळीकडे तीच लागते.

कॉलेजच्या पत्रात पाच गोष्टी हव्यात: पूर्ण नाव, शाखा आणि वर्ष, इंटर्नशिपच्या नेमक्या तारखा, विद्यार्थ्याचा विमा असल्याचा उल्लेख, आणि कॉलेजातल्या मार्गदर्शकाचा फोन. सर्वांत जास्त घोळ तारखांचा होतो. पत्रात 15 मे लिहिलेलं असतं, परीक्षा लांबते, मुलगा 22 तारखेला हजर होतो आणि गेटपास मात्र जुन्या पत्रावरून निघतो. शेवटी कॉलेजला लागणारे तास आणि गेटवरची हजेरी जुळत नाही. तारीख बदलली की त्याच दिवशी सुधारित पत्र घ्या. सोबत आधार, कॉलेजचं ओळखपत्र, चार फोटो आणि मागितलं असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र ठेवा. विद्यावेतन मिळणार की नाही, कँटीन आणि बस लागू आहे का, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, हे पत्र घेतानाच विचारून टाका. विचारण्यात कमीपणा नाही.

आता ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 44-45 अंशांवर जातो, आणि एक्स्ट्रुडरच्या, म्हणजे प्लास्टिक वितळवून पाइप बाहेर ढकलणाऱ्या यंत्राच्या, शेजारी त्याहून जास्त वाटतं. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला. नायलॉन-पॉलिस्टर नको, त्याच्या गरम बॅरलला (नळीला) लागलं तर ते वितळून कातडीला चिकटतं. कडं, गळ्यातली चेन, मोकळी ओढणी, सैल केस हे सगळं हॉल-ऑफ (पाइप पुढे ओढणारं यंत्र) आणि कटरजवळ धोक्याचं. सेफ्टी शूज दुपारी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोज्यांसह घालून बघूनच घ्या. दोन लिटरची बाटली आणि डब्यात ताक-कांदा ठेवा. अमळनेर-धरणगावकडून रेल्वेनं येणाऱ्यांनी गाडीच्या वेळेवर भरवसा ठेवू नये. पहिल्या शिफ्टला यायचं तर एक गाडी आधीची धरा, नाहीतर सहा आठवडे जळगावात खोली घ्या.

पहिल्या आठवड्यात "मला प्रोजेक्ट द्या" म्हणून साहेबांच्या मागे लागू नका. साहेबांकडे तयार प्रोजेक्ट नसतो, आणि घाईत दिलेला प्रोजेक्ट म्हणजे "प्लांटची उत्पादकता वाढवणे" असं काहीतरी मोघम, जे सहा आठवड्यांत कोणालाच जमणार नाही. त्याऐवजी एकच लाइन धरा आणि माल ज्या वाटेनं जातो त्या वाटेनं चाला. पीव्हीसी पाइपमध्ये सुरुवात मिक्सरला होते: रेझिन (पीव्हीसीची पूड), स्टॅबिलायझर (उष्णतेत माल करपू न देणारं रसायन), कॅल्शियम कार्बोनेट, वॅक्स. गरम मिक्सरमध्ये हे मिश्रण साधारण 110 ते 120 अंशांपर्यंत नेतात, मग थंड मिक्सरमध्ये 40-45 वर उतरवतात. पुढे हॉपर (माल ओतायचं नरसाळं), दोन स्क्रूचा एक्स्ट्रुडर, डाय (पाइपला आकार देणारा साचा), व्हॅक्युम टँक (तो आकार पक्का करणारी टाकी), पाण्याची टाकी, हॉल-ऑफ, कटर आणि शेवटी सॉकेट, म्हणजे पाइपचं टोक रुंद करण्याचं यंत्र. प्रत्येक ठिकाणी वहीत तीन ओळी लिहा: इथे काय आत येतं, काय बाहेर जातं, आणि ऑपरेटर कोणत्या आकड्याकडे सारखं बघतो. त्या आकड्यांतच तुमचा प्रोजेक्ट असतो.

तो लहान असू द्या. "63 मिमी पाइपच्या भिंतीची जाडी किती बदलते" एवढा विषय पुरे. कसा, ते बघा. भिंत किमान जाडीपेक्षा फक्त 0.1 मिमीनं जास्त असली तर 6 मीटरच्या एका नगात जवळपास 160 ग्रॅम माल जादा जातो. हजार नगांत 160 किलो. पाइप मानकात बसतो, ग्राहकाची तक्रार येत नाही, म्हणून हे कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. इंटर्नकडे वेळ असतो आणि कोणाची घाई नसते. मोजायला त्याच्याइतका मोकळा माणूस लाइनवर दुसरा नाही.

मोजायचं कसं, यात मात्र बहुतेकांची चूक होते. कटरवरून उतरलेला पाइप लगेच मोजला तर तो अजून कोमट असतो आणि थंड होताना आकसतो. सकाळचे नग गरम आणि दुपारचे गार मोजले तर दिसलेला फरक यंत्राचा नसून तुमचाच असतो. म्हणून तुकडे कापून सावलीत एकाच जागी, ठरावीक वेळ ठेवा. कापलेल्या कडेचा बर (वर आलेला खरबरीत कंगोरा) घासून काढा, नाहीतर व्हर्निअर बरवर बसतो आणि जाडी जास्त दाखवतो. लाइनवर पाइप ज्या स्थितीत वाहतो त्याच्या वरच्या बाजूला मार्करनं रेघ मारा आणि तिथून 45 अंशांवर एक अशा आठ जागा मोजा. भिंतीची आतली बाजू वक्र असते. सपाट जबड्यापेक्षा गोल टोकाचा मायक्रोमीटर चांगला. क्वालिटी विभागाकडे असतो, मागितला तर देतात. दर तासाला दोन नग, एका शिफ्टला सोळा. दहा शिफ्टचे एकशेसाठ नग, म्हणजे जवळपास तेराशे आकडे. ते ज्या क्रमानं घेतले त्याच क्रमानं ठेवा, आणि शेजारी स्क्रूचा वेग, हॉल-ऑफचा वेग, टाकीतल्या पाण्याचं तापमान लिहा. नुसती सरासरी काढून सगळं झाकून टाकू नका.

आकडे मांडले की कारणं बोलायला लागतात. एकच बाजू सतत जाड असेल तर डायचं सेंटरिंग (मधोमध बसवणं) हललेलं आहे; बोल्ट पाव आटा फिरवला तरी फरक पडतो, पण ते काम यंत्र जुळवणाऱ्या सेटरचं, तुमचं नाही. सगळीकडून सारखी जाड असेल तर हॉल-ऑफ मंद आहे किंवा स्क्रू जास्त माल ढकलतोय. जाड-पातळ, जाड-पातळ अशी लाट दिसली तर हॉल-ऑफचे पट्टे घसरतायत का, हॉपरमध्ये माल अडकतोय का, ते बघा. आणि दुपारी दोननंतर पाइप लंबगोल व्हायला लागले तर थंड पाण्याचं तापमान तपासा. खान्देशातल्या मे महिन्यात चिलरवर (पाणी थंड करणाऱ्या यंत्रावर) ताण येतो. पाणी पुरेसं गार नसेल तर पाइप मऊ असतानाच हॉल-ऑफच्या पकडीत जातो आणि दबतो.

पिवळट किंवा काळपट रेघ दिसली तर लाइन मध्येच कधी थांबली होती ते विचारा. पीव्हीसी गरम बॅरलमध्ये थांबलं की करपतं. म्हणून लाइन बंद करताना ऑपरेटर माल रिकामा करतो, आणि वीज अचानक गेली तर त्याला ती संधीच मिळत नाही.

यातलं निम्मं तुम्हाला ऑपरेटर सांगेल. त्यांना "काका", "भाऊ" म्हणा, चहाच्या सुट्टीत त्यांच्यासोबत बसा, आणि बोलताना वही बंद ठेवा. "काय करी ऱ्हायना भाऊ?" असं कोणी विचारलं तर अहिराणीतच उत्तर द्या, येत असेल तर. त्यांच्या मनात एक शंका असते: हा मुलगा आमच्या चुका वर सांगायला आलाय का? म्हणून तक्त्यात ऑपरेटरची नावं लिहू नका, फक्त शिफ्ट क्रमांक लिहा, आणि आकडे साहेबांना दाखवायच्या आधी त्यांना दाखवा. एखादी रात्रपाळी मिळाली तर जरूर करा. वीज, पाणी, माणसं, सगळंच रात्री वेगळं चालतं.

ठिबक विभागात असाल तर ड्रिपरच्या (थेंब-थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीच्या) प्रवाहाची चाचणी हा विषय सहा आठवड्यांत नीट बसतो. 25 ड्रिपर, 1 किलो दाब, प्रत्येकाखाली भांडं, घड्याळ लावून तीन मिनिटं. ताशी 4 लिटरचा ड्रिपर असेल तर भांड्यात 200 मिली यायला हवं. सरासरी नीट येते, तरी ड्रिपरा-ड्रिपरांत फरक असतो, आणि शेतकऱ्याला तो फरक भोवतो: ओळीतल्या एका झाडाला पाणी, दुसऱ्याला तहान. चाचणीच्या पाण्याचं तापमान लिहायला विसरू नका. टाकी उन्हात तापली की काही ड्रिपरांचा प्रवाह बदलतो.

बीएस्सीच्या मुलामुलींसाठी केळीचं टिश्यू कल्चर (लहान तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवणं) आहे. तिथे पहिले पंधरा दिवस माध्यम (बाटलीतलं रोपांचं खाद्य) बनवण्यात आणि बाटल्या धुण्यात जातात. कंटाळू नका, संसर्ग तिथूनही येतो. माध्यमाचा पीएच 5.8, साखर लिटरला 30 ग्रॅम, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र) 121 अंशांवर 15 ते 20 मिनिटं. ऑटोक्लेव्ह खच्चून भरला तर मधल्या बाटल्यांपर्यंत वाफ नीट पोचत नाही आणि काही दिवसांनी नेमक्या त्याच बाटल्यांत बुरशी दिसते. कोणत्या थरातल्या किती बाटल्या खराब झाल्या, एवढंच रोज मोजलं तरी चांगला अहवाल होतो.

अहवालाबद्दल सांभाळून राहायच्या गोष्टी दोन. फॉर्म्युला, ग्राहकांची नावं, दर यातलं काहीही लिहू नका, आणि परवानगीशिवाय मोबाइलनं फोटो काढू नका. आकृती हातानं काढा, ती जास्त समजते. दुसरं, अहवाल कंपनीकडून वाचून घ्यायला आठ दिवस हातात ठेवा. म्हणजे लिखाण पाचव्या आठवड्यातच सुरू झालं पाहिजे. पहिली दहा पानं कंपनीच्या इतिहासानं भरू नका, परीक्षक ती उलटून टाकतात. तुमचे तक्ते पुढे आणा.

प्रमाणपत्रावर सही कोण करणार हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. जूनअखेरीस साहेब रजेवर असतात. रोजनिशीवर दर आठवड्याला सही घ्या, सगळ्या सह्या शेवटच्या दिवशी मागितल्या तर कोणीही टाळतो. गेटपास, हेल्मेट, लायब्ररीचं पुस्तक, क्वालिटीचा मायक्रोमीटर परत केल्याची नोंद झाली की ना-देय (काही देणं उरलं नाही असा दाखला) मिळतं, आणि त्यानंतर प्रमाणपत्र. त्यावरचं नाव गुणपत्रिकेतल्या नावाशी अक्षरनअक्षर जुळतंय का, तारखा कॉलेजच्या पत्राशी जुळतायत का, हे एचआरच्या टेबलासमोर उभं राहूनच वाचा. गेटबाहेर पडल्यावर दुरुस्तीला पुन्हा जानेवारीसारखाच फेरा पडतो.