जुना अनेक पात्यांचा चाकू हाती आलाय? या चुका टाळा

जुना घडीचा चाकू मिळाला की पहिला हात पॉलिशच्या डबीकडे जातो. तो थोडा थांबवा. गेल्या सव्वाशे वर्षांत या चाकूंचं पोलाद बदललं, मूठ बदलली, आतली हत्यारंही बदलली. चाकू कोणत्या काळातला आहे हे न बघता उपाय केले, तर धडधाकट चाकू बिघडतो. दुरुस्तीला येणारे निम्मे 'दोष' मुळात दोष नसतातच, असं माझं मत आहे.

वाकलेलं पातं सरळ करणं

स्टॉकमन हा तीन पात्यांचा प्रकार घ्या. त्यात पाती तीन आणि पाठीच्या स्प्रिंगा बहुधा दोनच. एवढ्याशा जागेत पाती एकमेकांना न घासता बसावीत म्हणून कारागीर मुद्दामच काही पात्यांना मुळाशी किंचित बाक देतो. पकडीत धरून ते पातं सरळ केलंत, तर ते शेजारच्या पात्यावर आपटू लागेल किंवा मुळाशी तुटेल. पात्यावर बारीक चरे दिसत असतील तर दुर्लक्ष करा; धारच कशावर आदळत असेल तेवढी मात्र तक्रार खरी. प्रत्येक पात्याला स्वतंत्र स्प्रिंग दिली तर बाक द्यावा लागत नाही, पण मग चाकू जाड होतो आणि खिशात बोचतो.

याच चाकूतलं बोथट टोकाचं 'स्पे' पातं घासून अणकुचीदार करणारेही भेटतात. हे पातं जनावरांच्या खच्चीकरणासाठी होतं. टोक चुकून नको तिथे घुसू नये, म्हणूनच ते तसं ठेवलेलं आहे.

एका खुणेवरून वय ठरवणं

स्विस चाकूंच्या बाबतीत हा घोळ सर्वात जास्त होतो. सैनिकांचा पहिला नमुना 1890 चा. त्यात एक पातं, आरी, डबे उघडायचं हत्यार आणि पेचकस एवढंच होतं. पेचकस रायफल खोलण्यासाठी. मूठ लाकडी होती. बाटलीचं बूच काढायचा पिळाचा स्क्रू, म्हणजे बूचस्क्रू, या नमुन्यात नव्हताच. तो आला स्विस चाकू कारखानदार कार्ल एल्सनर यांच्या 1897 च्या हलक्या 'ऑफिसर' चाकूत, आणि तो चाकू लष्कराकडून मिळत नसे, अधिकारी स्वतःच्या पैशाने घेत. त्यामुळे 'बूचस्क्रू आहे, म्हणजे जुना लष्करी चाकू' हा विक्रेत्याचा दावा ऐकून सोडून द्या.

लाकूड टिकत नव्हतं म्हणून 1908 मध्ये फायबरची मूठ आली. एल्सनर यांच्या कंपनीच्या नावात 'इनॉक्स', म्हणजे गंजरोधक पोलाद, हा शब्द 1921 मध्ये जोडला गेला आणि ती 'व्हिक्टोरिनॉक्स' झाली, पण सैनिकांच्या चाकूला गंजरोधक पोलाद मिळालं ते 1951 मध्ये. अ‍ॅल्युमिनियमची मूठ 1961 ची. उघडं पातं पक्कं धरणारं कुलूप असलेला 111 मिलिमीटरचा मोठा चाकू 2008 चा. म्हणून नाव, पोलाद आणि मूठ तिन्ही एकमेकांशी जुळतात का ते पाहा.

अमेरिकेतल्या 'केस' (Case) कंपनीच्या चाकूंचं वय ठरवणं सोपं आहे. 1970 पासून पात्याच्या मुळाशी दहा ठिपके उमटवले जात आणि दरवर्षी एक कमी होत गेला. मात्र पातं नंतर बदललेलं असेल तर ठिपके फक्त पात्याचं वय सांगतात. म्हणून एकाच चाकूच्या सगळ्या पात्यांचे ठसे ताडून बघा.

राखाडी थर खरवडून काढणं

जुन्या कार्बन पोलादावर वापराने निळसर-राखाडी थर चढतो. तो गंज नव्हे; उलट लाल गंजाला तो थोडा अडवतो. तो राहू द्या. लाल गंज दिसला तर तेल लावा, तासभर मुरू द्या आणि मऊ पितळी ब्रशने हळूहळू काढा. काचकागद आणि फिरतं पॉलिशचं चाक यांनी ठसे पुसट होतात, आणि जुन्या चाकूची अर्धी ओळख तिथेच जाते.

सगळे चाकू एकाच डब्यात ठेवणं

ही चूक सर्वात महागात पडते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रंगीबेरंगी मुठींसाठी सेल्युलॉइड हे जुन्या काळचं प्लास्टिक भरपूर वापरलं गेलं. ते कालांतराने विघटित होतं आणि त्यातून आम्लधर्मी वाफ सुटते. ही वाफ स्वतःच्या पात्याला तर गंजवतेच, शेजारच्या चाकूंनाही सोडत नाही. मुठीवर जाळीदार भेगा, पितळी पत्र्यावर हिरवी पुटं आणि मुठीत झाकलेल्या भागावरच गंज दिसत असेल, तर संशय घ्या. असा चाकू वेगळा आणि हवेशीर जागी ठेवा, बंद डबीत नको. मूठ कशाची आहे हे तापलेल्या सुईने तपासायला तर मुळीच जाऊ नका, सेल्युलॉइड झटकन पेट घेतं. 1960 नंतरच्या डेल्रिन या प्लास्टिकच्या मुठींना हा त्रास नाही.

पातं अडकलं की गरम पाण्यात बुडवणं

प्लास्टिक मूठ आणि गंजरोधक पोलाद असेल तर कोमट पाणी चालतं. हाड, शिंग किंवा लाकूड असेल तर नको, मूठ तडकते. सांध्यात हलक्या मशीन तेलाचे दोन थेंब टाका, पातं चारदोनदा उघडा-मिटा, बाहेर येणारा काळा मळ पुसा आणि पुन्हा तेल द्या. खाद्यतेल चिकट होऊन नवाच त्रास देतं.

टोक बाहेर राहतं म्हणून टोक घासणं

वर्षानुवर्षे धार लावून पात्याचा आकार बदलतो आणि मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावतं. खिशातला हात कापला जातो तो यानेच. पात्याच्या मुळाशी धारेच्या बाजूला एक छोटा उंचवटा असतो, मिटल्यावर तो स्प्रिंगवर टेकतो. बारीक कानशीने तो अगदी थोडा घासला की पातं आत बसतं. एक-दोन घासे, मग मिटून पाहा. जास्त घासलंत तर धारच स्प्रिंगवर आदळेल, आणि त्यावर सोपा उपाय नाही.

बहुतेक पारंपरिक चाकूंना कुलूप नसतं, पातं फक्त स्प्रिंगच्या दाबाने उघडं राहतं. भोसकणं, उचकटणं ही कामं त्याला देऊ नका.

आणि डबा उघडत नसेल तर हत्यार बोथट आहे असं लगेच धरू नका. व्हिक्टोरिनॉक्सचं हत्यार पुढे ढकलत कापतं, वेंगर या दुसऱ्या स्विस कंपनीच्या जुन्या चाकूंचं मागे ओढत. आधी दिशा बदलून बघा.