'द थिंग' कसा पाहावा : एकदा आणि पुन्हा एकदा

जॉन कार्पेंटर दिग्दर्शित 'द थिंग' हा भयपट २५ जून १९८२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा त्याला मुहूर्त अगदीच वाईट लाभला होता. त्याच दिवशी 'ब्लेड रनर' पडद्यावर आला होता आणि त्याआधी दोन आठवडे प्रदर्शित झालेल्या 'ई.टी.'मधल्या प्रेमळ परग्रहवासीयाने घराघरांतल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना वेड लावले होते. सुमारे दीड कोटी डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटाला अमेरिकेत दोन कोटींचा पल्लाही गाठता आला नाही, समीक्षकांनी त्याला किळसवाणा ठरवले, आणि एन्नियो मोरिकोने यांच्यासारख्या संगीतकाराचे नाव वर्षातील वाईट कामांसाठी दिल्या जाणाऱ्या रॅझी पुरस्काराच्या यादीत गेले. पुढे व्हिडिओ कॅसेटच्या काळात लोकांनी तो घरी पाहिला, थांबवून पाहिला, मागे नेऊन पुन्हा पाहिला आणि तिथून त्याचे नशीब पालटले. हा योगायोग नसावा असे मला वाटते, कारण हा चित्रपट प्रेक्षकाच्या हातात संशयाचा एक हिशेब देतो आणि त्यातल्या काही नोंदी मुद्दाम कोऱ्या ठेवतो. म्हणून तो किमान दोनदा पाहावा लागतो आणि दोन्ही वेळांची पद्धत वेगळी असावी लागते.

पहिल्यांदा पाहताना एवढेच माहीत असावे की अंटार्क्टिकावरील एका अमेरिकी संशोधन तळावर हिवाळ्याच्या तोंडावर बारा माणसे आहेत आणि बर्फावरून धावत एक कुत्रा त्यांच्याकडे येतो. जाहिरातीचा तुकडा पाहू नये, आधीच पाहिलेल्या मित्राला काही विचारू नये. चित्रपट १०९ मिनिटांचा आहे आणि रुंद पडद्यासाठी चित्रित केलेला आहे. छायालेखक डीन कंडी यांनी चौकटीच्या कडेला सोडलेल्या रिकाम्या जागा, अर्धवट उघडी दारे आणि लांब बोळ मोबाईलवर दिसत नाहीत, तेव्हा मिळेल तो मोठा पडदा घ्यावा, खोलीत अंधार करावा आणि आवाजासाठी चांगले स्पीकर किंवा हेडफोन वापरावेत, कारण मोरिकोने यांचे हृदयाच्या ठोक्यासारखे खर्जातले स्वर साध्या टीव्हीच्या आवाजात हरवून जातात. जेवताना पाहू नये. ही सूचना गमतीने केलेली नाही. कुत्र्यांवरील हिंसा ज्यांना सहन होत नाही त्यांना आणि लहान मुलांना या बैठकीपासून दूर ठेवणेच योग्य.

शक्य असल्यास पाचसहा जणांनी मिळून पाहावा. चहासाठी, फोनसाठी मध्ये थांबू नये. थांबण्याची परवानगी एकाच ठिकाणी असावी. चित्रपटाच्या उत्तरार्धात हेलिकॉप्टरचालक मॅकरेडी, म्हणजे कर्ट रसेल, उरलेल्या माणसांना बांधून प्रत्येकाचे रक्त तपासायला घेतो. तिथे पाच मिनिटे चित्रपट थांबवून प्रत्येकाने कागदावर दोन नावे लिहावीत : ज्याच्यावर सर्वात जास्त संशय आहे तो आणि ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येईल तो. चिठ्ठ्या घडी करून बाजूला ठेवाव्यात आणि शेवटानंतरच उघडाव्यात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला दोन्ही नावे बरोबर आली तर त्याने मानभावीपणा करू नये, त्याला कोणीतरी आधी सांगितलेले असते.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी वाचन येथेच थांबवावे, कारण पुढील मजकुरात सर्व गुपिते उघड केली आहेत.

दुसऱ्यांदा पाहताना हातात वही असावी. तीत बारा जणांची नावे लिहून प्रत्येकासमोर एकाच प्रश्नाची नोंद करत जावी : हा माणूस कोणाबरोबर, किती वेळ एकटा होता? परग्रहावरचा हा जीव ज्याला गिळतो त्याची हुबेहूब प्रतिकृती बनतो आणि त्यासाठी त्याला एकांत लागतो, म्हणून एकांताची नोंद हाच खरा पुरावा. सुरुवातीलाच नॉर्वेच्या तळावरील माणूस कुत्र्यावर गोळ्या झाडत काहीतरी ओरडतो. ते शब्द नॉर्वेजियन भाषेतले आहेत आणि हा कुत्रा नाही, दूर व्हा, असाच त्यांचा आशय आहे. इशारा अगदी स्पष्ट शब्दांत दिला जातो, पण तो ऐकणाऱ्यांपैकी एकालाही ती भाषा येत नाही. त्यानंतर तोच कुत्रा बोळातून चालत एका खोलीत शिरतो आणि भिंतीवर एका माणसाची सावली दिसते. ती कोणाची हे ओळखू येऊ नये म्हणून कार्पेंटर यांनी बारा नटांपैकी कोणालाही न घेता एका स्टंटमनची सावली वापरली होती. म्हणजे वहीतली पहिलीच महत्त्वाची नोंद कोरी राहते, आणि ती कोरीच राहावी अशी योजना आहे. बारा जणांपैकी फुक्स कसा जळाला, रक्ताच्या पिशव्या कोणी फोडल्या, याही जागा कितीही वेळा पाहिले तरी पक्क्या भरता येत नाहीत.

बारा जणांपैकीच नॉरिसवर विशेष लक्ष ठेवावे. प्रमुखपद देऊ केल्यावर तो आपल्याला हे झेपणार नाही म्हणून नकार देतो, मध्येच छाती चोळतो, आणि पुढे त्याला हृदयविकाराचा झटका येतो. डॉक्टर त्याच्या छातीवर विजेचा धक्का द्यायला जातात आणि ती छातीच जबड्यासारखी उघडते. पहिल्यांदा या प्रसंगात किंकाळी फुटते. दुसऱ्यांदा एक अधिक अस्वस्थ करणारा प्रश्न पडतो : प्रतिकृती इतकी तंतोतंत असेल की तिच्यात मूळ माणसाचे दुखणेही उतरावे, तर आपण प्रतिकृती आहोत हे नॉरिसला स्वतःला तरी ठाऊक होते का? हाच प्रसंग वहीवाल्यांनी एकदा वही मिटून, केवळ कारागिरीसाठीही पाहावा. त्या वेळी चित्रपटातील या जीवाची रूपे घडवणारे रॉब बॉटिन यांचे वय विशीच्या सुरुवातीचे होते, आणि संगणकाच्या मदतीशिवाय रबर, लेटेक्स, तारा आणि यांत्रिक सांगाडे यांतून त्यांनी हे सारे उभे केले. डॉक्टरांचे हात तुटतात त्या क्षणासाठी दोन्ही हात नसलेल्या माणसाला कृत्रिम हात लावून उभे केले होते. कामाच्या अतिताणाने बॉटिन यांना शेवटी रुग्णालयात दाखल व्हावे लागले, आणि कुत्र्यांच्या पिंजऱ्यातील प्रसंगाचे काम स्टॅन विन्स्टन या दुसऱ्या कारागिराने केले.

रक्ततपासणीचा प्रसंग पुन्हा पाहताना क्लार्ककडे वळावे. कुत्र्यांची काळजी घेणारा हा माणूस त्या कुत्र्याबरोबर सर्वाधिक वेळ होता, म्हणून बहुतेक चिठ्ठ्यांवर त्याचेच नाव निघते. मॅकरेडी त्याला गोळी घालतो आणि नंतर तापलेली तार त्याच्या रक्तात बुडवल्यावर काहीच होत नाही; त्या जीवाचे रक्त असते तर ते उसळले असते. क्लार्क माणूस होता. म्हणजे नायकाच्या हातून खून झाला आहे, आणि तळावरचाच चाइल्ड्स ते त्याला तोंडावर सांगतोही, पण तपासणी पुढे चालू राहते. चिठ्ठीवर क्लार्कचे नाव लिहिणाऱ्यांनी या जागी जरा थांबावे. नंतरच्या काळात अनेकांनी या प्रसंगाचा संबंध एड्सच्या भीतीशी जोडला. चित्रीकरण मात्र १९८१ मधले आहे आणि त्या आजाराला हे नाव मिळाले ते सप्टेंबर १९८२ मध्ये. त्यामुळे हा अर्थ चित्रपटाने सांगितलेला नसून काळाने त्यात भरलेला आहे, एवढे भान चर्चेत ठेवावे.

शेवटच्या प्रसंगावर चर्चा हमखास अडते. जळत्या तळासमोर मॅकरेडी आणि चाइल्ड्स बसलेले असताना त्यांपैकी कोण माणूस आहे, यावर चाहते चार दशके वाद घालत आले आहेत. चाइल्ड्सच्या तोंडून वाफ निघत नाही, हा नेहमीचा पुरावा चांगल्या प्रतीवर टिकत नाही, कारण तिथे ती वाफ अंधुक का होईना दिसते. या वादात रात्र घालवण्यापेक्षा चित्रपट पहिल्या दहा मिनिटांकडे मागे न्यावा, असा माझा सल्ला आहे. तिथे मॅकरेडी संगणकाशी बुद्धिबळ खेळतो, हरतो आणि ग्लासातली व्हिस्की यंत्रात ओतून टाकतो. डाव जिंकता येत नसेल तर पटच जाळायचा, हा त्याचा स्वभाव तेव्हाच दाखवलेला आहे. शेवटी तळ पेटवताना तो हेच करतो, फक्त या वेळी पटावर तो स्वतःही असतो.

ज्यांना याच्या मागेपुढे जायचे आहे त्यांनी आधी जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांची १९३८ ची मूळ दीर्घकथा वाचावी, कारण रक्ततपासणीची मूळ कल्पना तिथली आहे. त्याच कथेवरचा १९५१ चा चित्रपट त्यानंतर पाहावा. त्यातला जीव रूप बदलत नाही, त्यामुळे संशयाचा धागाच गळालेला आहे, पण कार्पेंटर यांचे त्यावर इतके प्रेम की त्यांच्याच 'हॅलोवीन' चित्रपटातील मुले टीव्हीवर तोच पाहत बसलेली असतात. २०११ चा पूर्वकथेचा चित्रपट सर्वात शेवटी ठेवावा, किंवा न पाहिला तरी चालेल.

पाहण्याच्या दिवसाबाबत एक प्रघात सांगण्यासारखा आहे. दक्षिण ध्रुवावरील अमुंडसेन-स्कॉट तळावर फेब्रुवारीत शेवटचे विमान परत गेले की हिवाळ्यासाठी मागे राहिलेली माणसे एकत्र बसून 'द थिंग' पाहतात. मराठी वाचकाला तारखांचा एक मेळही लक्षात ठेवता येईल : चित्रपटाची कथा १९८२ च्या हिवाळ्यात घडते आणि गोव्याहून डिसेंबर १९८१ मध्ये निघालेली भारताची पहिली मोहीम १९८२ च्याच जानेवारीत अंटार्क्टिकावर उतरली होती. आज 'मैत्री' आणि 'भारती' या तळांवरही आपली माणसे हिवाळा काढतात, आणि त्यांची व्यवस्था पाहणारे केंद्र गोव्यातल्या वास्कोला आहे. आपल्याकडे एवढी थंडी आणि एवढा एकांत मिळणे शक्य नाही. जुलैत मुसळधार पावसाने घाट बंद झाल्याची बातमी आली आणि घरी पाहुणे अडकून पडले, की ती रात्र या कामी घ्यावी.