गोव्यात दोन-तीन गायी पाळताय? या चुका टाळा

सत्तरी, डिचोली, पेडण्यात अजूनही घरामागे दोन-तीन गायी असतात, आणि गावच्या घरी नव्याने गाय आणणारेही भेटतात. त्यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ मला एकच दिसते: गोठा आणि चारा उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेला असतो. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तयारी या चार महिन्यांची हवी.

गोठ्यात गुळगुळीत कोबा घालू नका. ओल्या कोब्यावर गाय घसरते, आणि गाभण गाय पडली तर दोन जीवांवर बेतते. कोबा खरखरीत ठेवा, मूत्र वाहून जाईल इतका उतार मागच्या बाजूला द्या. चिऱ्यांची भिंत छपरापर्यंत चढवण्याचा मोहही टाळा. कोंदट गोठ्यात शेणमुताचा उग्र वास साचतो, गाय खोकू लागते. भिंत कमरेएवढी पुरे, वळचण मात्र लांब काढा. गाय लंगडत असेल तर आधी खुरांच्या बेचक्यात पाहा. सूज आणि घाण वास असेल तर खूर कुजायला लागले आहे.

भाताचा पेंढा जमिनीवर रचू नका, खाली फळ्या टाका. बुरशी लागलेला पेंढा खतात टाका, गायीला नको. चांगल्या पेंढ्यातही प्रथिने फार कमी असतात. त्यामुळे नुसत्या पेंढ्यावर दूध आटते, माज (गाय फळण्याची वेळ) लांबतो. सोबत हिरवा चारा, पेंड आणि रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्या.

सर्वात जीवघेणी चूक मायेपोटी होते. चवथीला किंवा लग्नघरी उरलेला भात टोपलीभर गायीपुढे ओततात. भात पोटात झपाट्याने आंबतो, आम्ल वाढते. गाय चारा सोडते, रवंथ थांबते, पातळ हगवण लागते, शेवटी ती बसते ती उठतच नाही. काजूच्या हंगामात बोंडूंच्या ढिगापाशी सुटलेल्या गुरांचेही असेच होऊ शकते. लक्षणे दिसताच डॉक्टरांना बोलवा. बसलेल्या गायीला बाटलीने काही पाजू नका, ते फुप्फुसात जाऊ शकते.

घटसर्प आणि फऱ्याची लस पाऊस सुरू होण्याआधी, लाळ्या-खुरकुताची दर सहा महिन्यांनी. गोचीड दिसले की फक्त गाय नको, गोठ्याच्या फटीही साफ करा. गोचिडांमुळे ताप येऊन लघवी कॉफीसारखी झाली तर त्याच दिवशी उपचार हवेत.

पहिलीच गाय घेताना होल्स्टिन या विदेशी जातीच्या दुधाला भुलू नका; आपली दमट हवा तिला सोसत नाही. गोव्याची देशी जात श्वेत कपिला दिवसाला २-३ लिटरच देते, पण या हवेत टिकते. घरापुरते दूध हवे असेल तर तीच घ्या.

आणि संध्याकाळी गाय मोकळी सोडू नका. पावसात गुरे रस्त्यावर बसतात, कारण तिथे कोरडे असते. रात्री वाहनचालकाला ती दिसत नाहीत.