कातरवेळेसाठी दुर्बीण कशी पारखावी

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कुठलीही दुर्बीण छानच दिसते. बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाणावर बसलात आणि दिवस मावळला, की पाणवठ्यावरचं सांबर कुठलं नि शेजारचा खडक कुठला ते कळेनासं होतं. पैसे वसूल व्हायचे ते तिथे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली. पण जर्मनीत चांदण्यात रानडुकरावर नेम धरणारे शिकारी बंदुकीवरची दुर्बीणही अशाच अंधुक उजेडासाठी निवडतात. ८×५६ हा त्यांचा जुना आवडता आकडा.

तो का, ते भागाकारात कळतं. पुढच्या भिंगाचा व्यास (मिलिमीटरमध्ये, दुसरा आकडा) भागिले वर्धन (चित्र किती पट मोठं दिसतं, पहिला आकडा). ५६ ला ८ ने भागलं की ७ मिलिमीटर, ८×४२ चे सव्वापाच, खिशात मावणाऱ्या १०×२५ चे जेमतेम अडीच. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याची ही रुंदी. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते, पन्नाशीनंतर बहुतेकांची ५ च्या आसपास. म्हणजे माझ्यासारख्याने किलोभर वजनाची ८×५६ गळ्यात अडकवायची, ती मानदुखीसाठीच. ८×४२ पुरते.

खोक्यावरच्या ‘ट्वायलाइट फॅक्टर’ला भुलू नका. व्यास आणि वर्धन यांच्या गुणाकाराचं ते वर्गमूळ. त्या हिशेबाने २०×२० ची खेळण्यातली दुर्बीण (२०) ८×४२ पेक्षा (१८.३) सरस ठरते! तिचा ठिपका एक मिलिमीटर.

आता दुर्बीण हातभर लांब, खिडकीकडे तोंड करून धरा. मागच्या भिंगातला ठिपका पूर्ण गोल हवा. कडा छाटल्यासारख्या, करड्या दिसल्या तर आतल्या प्रिझमची काच हलक्या दर्जाची. मग पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा: मंद हिरवट-जांभळं असेल तर भिंगावरचा लेप चांगला, पांढरंशुभ्र असेल तर उजेड आत जाण्याऐवजी परत येतोय. लालभडक चमकणारी भिंगं सरळ खाली ठेवा.

खरी पारख मात्र संध्याकाळची. दुकानदार एका दिवसासाठी देत असेल तर दोन दुर्बिणी घरी आणा. पन्नास-साठ पावलांवर झाडाच्या खोडाला गोणपाट बांधा. सांबराच्या रंगाला त्याच्याइतकं जवळचं घरात दुसरं काही नसतं. त्यावर सुतळीच्या तीन गाठी मारा, एक मुद्दाम सावलीच्या बाजूला. सूर्य मावळल्यावर दर पाच मिनिटांनी दोन्हींतून गाठी मोजा आणि कुठलीतून किती वाजता सावलीतली गाठ हरवली ते लिहून ठेवा. या काळात मोबाइल बघायचा नाही. एकदा डोळे दिपले की पुन्हा अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. माझ्याकडच्या दोन दुर्बिणींत एवढ्याने अकरा मिनिटांचा फरक पडला. स्वस्त होती ती जास्त टिकली.

नंतर रस्त्यावरचा दिवा चौकटीच्या जरासा बाहेर राहील असं धरून बघा. चित्रावर दुधाळ पडदा आला, तर चंद्र वर आल्यावर मचाणावरही तोच येणार. चष्मा असेल तर तो लावूनच सगळं करा; डोळ्याकडचे रबरी कप खाली दुमडूनही चित्राचा पूर्ण गोल दिसला पाहिजे.