सुरक्षा-पॅच लावायच्या आधीची तयारी (रीबूटची वेळ आधी मागून घ्या)

सर्व्हरला सुरक्षा-पॅच लावायला बसण्याआधी रीबूटची वेळ लेखी मागून घ्या. बाकीचं सगळं त्यानंतर. मागच्या खेपेला माझ्याकडून नेमकं हेच राहिलं: पॅकेजं बसली, अहवालात 'पूर्ण' लिहून झालं, आणि मशीन जुन्याच कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) चालत राहिलं.

नवा कर्नल डिस्कवर उतरला, तरी मेमरीत जुनाच चालू असतो आणि हल्ला होतो तो चालू कर्नलवर. डर्टी पाइप (त्रुटींच्या जाहीर नोंदीतला क्रमांक सीव्हीई-२०२२-०८४७) ही लिनक्सच्या ५.८ पासूनच्या कर्नलमधली चूक. नुसती वाचायची परवानगी असलेल्या फाइलच्या पेज कॅशमध्ये (मेमरीतल्या प्रतीत) साधा वापरकर्ता स्वतःचा मजकूर घुसवू शकत होता, आणि तिथून रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होणं सोपं होतं. दुरुस्ती ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ मध्ये आली. पण ती बसवून रीबूट न केलेलं मशीन होतं तितकंच उघडं राहिलं.

मशीनची यादी हवीच. समर्थन संपलेल्या सिस्टिम वेगळ्या काढा; विंडोज १० चं सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. क्रम लावताना फक्त सीव्हीएसएसच्या (त्रुटीची तीव्रता मोजणाऱ्या) आकड्यावर जाऊ नका. ज्या त्रुटीचा प्रत्यक्ष गैरवापर चालू आहे ती आधी. अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेची अशा त्रुटींची यादी सर्वांना खुली आहे. लॉगिन न करता नेटवर्कवरून गाठता येणाऱ्या त्रुटीही वरच. विंडोजचा एमएस१७-०१० हा पॅच १४ मार्च २०१७ ला आला, त्याच त्रुटीतून शिरणारं वॉनाक्राय हे खंडणीखोर व्हायरस १२ मे ला पसरलं. जवळजवळ दोन महिने हातात होते. आणि लिनक्सवर आवृत्तीचा आकडा बघून निकाल देऊ नका: डेबियन, रेड हॅट जुना आकडा ठेवून नव्या आवृत्तीतली दुरुस्ती त्यातच आणून बसवतात. त्यांची सूचना वाचा.

बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या मशीनवर उतरवून बघा.

आता पुन्हा रीबूट, कारण खरी तयारी इथेच लागते. कित्येक महिने न थांबलेलं मशीन उठेलच याची खात्री धरू नका. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) काढून टाकलेल्या डिस्कची ओळ राहिलेली असते. कोणीतरी हाताने सुरू केलेली सेवा 'सिस्टिमसीटीएल इनेबल' (बूटला आपोआप सुरू करायची आज्ञा) न केल्यामुळे परत येत नाही. म्हणून शक्य असेल तर पॅचच्या आधी एकदा नुसतं रीबूट करा. तेव्हा काही मोडलं तर ते जुनं दुखणं. पॅचनंतर मोडलं तर पॅचकडे बघता येतं. हे न केल्यास रात्री दोन वाजता दोन्ही कारणं एकमेकांत गुंतलेली सापडतात. बूट विभाजनात (डिस्कच्या ज्या भागात कर्नल असतात तिथे) जागा बघा. जुने कर्नल साचून ते भरलं की इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) अर्धवट बनतं आणि मशीन उठत नाही. मात्र चालणारा एक जुना कर्नल राखून ठेवा, परतीची वाट तीच. बाहेरचे ड्रायव्हर डीकेएमएसवर (प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणारी सोय) असतील तर नव्या कर्नलचे हेडर (बांधणीला लागणाऱ्या फाइली) हवेत. सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर त्या ड्रायव्हरच्या मॉड्यूलवर डिजिटल सहीही. डिस्क कुलूपबंद असेल तर विंडोजच्या बिटलॉकरची रिकव्हरी की किंवा लिनक्सच्या लक्सचा पासफ्रेज, आणि कन्सोलचा पासवर्ड हाताशी ठेवा. एसएसएच (दुरून लॉगिन करायची वाट) बंद पडल्यावर ते शोधायला जाऊ नका.

कर्नल बदललाच नाही, मग रीबूट कशाला, असं कोणी म्हणेल. २०१४ चं हार्टब्लीड आठवा, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतली त्रुटी: ओपनएसएसएल नवं बसवलं, तरी चालू वेब सर्व्हर जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसतो. निदान ती प्रत्येक सेवा रीस्टार्ट करावीच लागते. कोणती ते डेबियनवर 'नीडरीस्टार्ट' ही आज्ञा सांगते, रेड हॅटवर 'नीड्स-रीस्टार्टिंग'. एकही सुटू नये असं वाटत असेल तर सरळ रीबूट. कर्नलचं लाइव्ह पॅचिंग (रीबूट न करता लावलेला पॅच) चालू कर्नलमधल्या काही त्रुटी झाकतं, लायब्ररीला हात लावत नाही.

आधी चाचणीचं मशीन, मग थोडी, मग सगळी.

नंतर: 'युनेम -आर' (चालू कर्नलची आवृत्ती दाखवणारी आज्ञा) चालवून आकडा नव्या पॅकेजशी जुळवा. विंडोजवर 'रीस्टार्ट बाकी' दिसतंय का बघा. सेवा आणि लॉग तपासा, त्रुटींसाठी पुन्हा स्कॅन करा. पॅचआधी स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची प्रत) घेतला असेल तर काढून टाका, वाढत जाऊन स्टोरेज भरतो. 'युनेम -आर' चा आकडा जुळल्याशिवाय 'पूर्ण' लिहू नका.