ब्लोअर कधी बंद करायचा

आमच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात नवा ऑपरेटर आला की मी त्याला आधी पॅनेलपाशी नेत नाही, जारपाशी नेतो. एक लिटरचा पारदर्शक जार, ब्लोअर (हवा सोडणारं यंत्र) चालू असताना एअरेशन टँकमधून, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीतून, भरलेला. सावलीत ठेवायचा आणि अर्धा तास हलवायचा नाही. पहिली पाच मिनिटं मात्र नजर काढू नका. गाळ म्हणजे घाण खाणाऱ्या जिवाणूंचे पुंजके. निरोगी गाळ कापसाच्या पुंजक्यांसारखा एकमेकांना धरतो, मग सावकाश खाली बसतो, वरचं पाणी नितळ होतं. अर्ध्या तासाने गाळ २५० मिलीवर थांबला आणि एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यातला गाळ, सुकवून मोजलेला) लिटरला २५०० मिलिग्रॅम असेल, तर एसव्हीआय, म्हणजे एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिली जागा घेतो तो आकडा, १०० आला. उत्तम. १५०च्या पुढे जायला लागला की गाळ फुगतोय, क्लॅरिफायरवर, म्हणजे गाळ खाली बसवायच्या पुढच्या टाकीवर, लक्ष ठेवा.

आता जार लगेच धुऊ नका. तसाच ठेवा. तासाभरातच गाळाचा गोळा बुडबुड्यांसकट वर आला, तर समजा की पाण्यात नायट्रेट भरपूर आहे. गाळातले जिवाणू त्यातला ऑक्सिजन वापरतात, नायट्रोजन वायू सुटतो आणि गाळाला वर उचलतो. जे जारमध्ये घडलं, तेच क्लॅरिफायरमध्ये घडणार.

हे मी चुकून शिकलो. सुरुवातीला मला वाटायचं, जितकी हवा जास्त तितकं पाणी चांगलं. रात्रभर ब्लोअर चालवायचो. अमोनिया जवळपास शून्य यायचा, मी खूश. पण तो नाहीसा झाला नव्हता, नायट्रेट होऊन खाडीत जात होता. समुद्राच्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुतेक वेळा नायट्रोजनमुळेच अडलेली असते. तो आपण पुरवला की पाणी हिरवं होतं, तळाच्या समुद्रगवताला ऊन मिळत नाही, आणि शेवाळ मरून कुजताना मासे-खेकड्यांचा ऑक्सिजन खाऊन टाकतं.

म्हणून ब्लोअर बंद करायला शिका. हवा चालू असताना डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास पुरतो. मग ब्लोअर बंद, मिक्सर चालू. गाळ तरंगत राहिला पाहिजे, डीओ शून्याकडे गेला पाहिजे. डीओ खाली गेल्यावरच खरं काम, म्हणजे नायट्रेटचा नायट्रोजन वायू होणं, सुरू होतं, त्यामुळे दहा मिनिटांच्या बंदचा काही उपयोग नाही. अर्ध्या तासापासून सुरुवात करा. जमलं तर कच्चं सांडपाणी याच वेळात टँकमध्ये येऊ द्या, कारण जिवाणूंना खाद्य लागतं. बाहेर जाणाऱ्या पाण्यात अमोनिया चढला तर बंदची वेळ कमी करा, नायट्रेट चढलं तर वाढवा. एका वेळी एकच बदल, आणि निदान आठवडाभर थांबा. घाई केली की कशामुळे काय झालं तेच कळत नाही.

अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) रोज मोजा. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन मोडायला सुमारे ७ मिलिग्रॅम खर्च होते. ब्लोअर बंद असताना त्यातली जवळपास निम्मी परत मिळते, हा फायदा लोक विसरतात. थंडीत अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू फार हळू वाढतात, तेव्हा गाळ कमी काढा.

उधाणाच्या भरतीला फ्लो अचानक वाढला, तर कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्याचा खारटपणा कळतो तो) काढा. आकडा भरतीबरोबर चढून ओहोटीला उतरत असेल, तर फुटलेल्या पाइपातून समुद्र आत येतोय. गटाराच्या लाइनवरचं एकेक चेंबर तपासत प्रवाहाच्या उलट वर जा, जिथे आकडा पडतो त्याच्या खालच्या टप्प्यात गळती आहे. नमुना दोरीला बाटली बांधून वरूनच घ्या. चेंबरमध्ये उतरायचं नाही, मिनिटभरासाठीही नाही. आतल्या वायूने माणसं जातात.

शेवटी यूव्ही, म्हणजे जंतू मारणारे अतिनील दिवे. जंतू मारायला क्लोरीन घातला तर उरलेला क्लोरीन शिंपल्यांच्या पिल्लांना मारतो, म्हणून मला यूव्ही बरा वाटतो. पण दिव्यावरच्या काचेच्या नळीवर पांढरा थर बसला की प्रकाश पाण्यापर्यंत पोचतच नाही. वीज तोडा, हातमोजे घाला, सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने नळी पुसा, उजेडासमोर धरून बघा. डाग दिसला तर परत पुसा.